न्यूमोनियानंतर घरी आल्यावर प्राणायाम: कोणता, किती आणि कधीपासून?

कर्वेनगरची_लेक

आईचं वय ६४. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनिया झाला होता. ऑक्सिजन लावावा लागला, व्हेंटिलेटर नाही. घरी येऊन तीन आठवडे होतील. ताप नाही, भूक बरी आहे. सकाळी थोडा पांढरा कफ पडतो, दिवसभर अधूनमधून कोरडा खोकला येतो. बसलेली असताना ऑक्सिजन ९६ असतो, बाथरूमला जाऊन आली की ९२ होतो आणि दोनेक मिनिटांत परत ९५ वर येतो. बीपीची गोळी चालू आहे, शुगर नाही.

रुग्णालयातून तीन गोळ्यांचं फुंकायचं यंत्र दिलं आहे. तिसरी गोळी काही केल्या वर जात नाही म्हणून ती खट्टू होते. शेजारच्या काकूंनी "कफ आहे ना, मग कपालभातीच कर" असं सांगितलं. पंधरा-वीस झटक्यांतच खोकल्याची उबळ आली आणि डोकं हलकं झालं.

मला माहिती हवी आहे ती अशी: या टप्प्यावर कोणते श्वासाचे प्रकार करावेत, किती वेळ, कोणत्या क्रमाने, आणि काय अजिबात करू नये? "हलका प्राणायाम करा" एवढं सगळेच सांगतात, हलका म्हणजे काय ते कुणी सांगत नाही.

---

श्वास_फिजिओ

कपालभाती आजपासून बंद. कारण पुढे येईलच, पण आधी तुम्ही दिलेल्या आकड्यांबद्दल. ९६ चा ९२ होणं म्हणजे चार अंकांची घसरण. चालल्यावर चार किंवा जास्त अंक उतरत असतील तर ते तपासणाऱ्या डॉक्टरांच्या कानावर घालायचंच. घाबरण्याजोगं नाही, तीन आठवड्यांत असं दिसू शकतं. पण दर आठवड्याला ही घसरण कमी होते आहे का, हे बघायला हवं. त्यासाठी एक सोपी चाचणी आहे. साधारण १८ इंच उंचीची, बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर, एक मिनिटात जमेल तेवढ्या वेळा उठायचं-बसायचं, आपल्या गतीने. संख्या लिहा, ऑक्सिजन लिहा. आणि मिनिट संपल्यावर ऑक्सिमीटर लगेच काढू नका. सर्वात कमी आकडा बहुतेकदा थांबल्यानंतरच्या मिनिटात दिसतो. ९० च्या खाली गेला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. पहिल्यांदा ही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करा आणि शेजारी उभ्या राहा.

आता यंत्र. ते फुंकायचं यंत्र नाही, ओढायचं आहे. बहुतेक घरांत हीच चूक होते. तीन गोळ्यांवर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. ते हवेच्या वेगाचे आहेत, मिलिलिटर दर सेकंदाला. तिसरी गोळी वर जाणं म्हणजे फुप्फुस जास्त भरलं असं नव्हे, हवा जोरात ओढली एवढंच. झटक्याने तिन्ही गोळ्या क्षणभर उडवण्यापेक्षा पहिली गोळी तीन सेकंद वर तरंगत ठेवणं कितीतरी उपयोगी, कारण हळू ओढलेली हवा खालच्या, मिटलेल्या भागापर्यंत पोचते. ताठ बसायचं, आधी श्वास सावकाश सोडायचा, नळी ओठांत घट्ट धरायची, सावकाश ओढायचं, भरल्यावर दोन-तीन सेकंद थांबायचं, नळी काढून सोडायचं. दोन श्वासांमध्ये एक-दोन साधे श्वास. असे आठ-दहा, जागेपणी दर दोन तासांनी. सलग वीस केले की चक्कर येते.

तुमच्या आईंना आलेलं डोक्याचं हलकेपण हाच प्रकार. भराभर श्वास सोडला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा खाली जातो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, मग चक्कर, ओठांना आणि बोटांना मुंग्या. लोकांना वाटतं ऑक्सिजन कमी पडला म्हणून चक्कर आली, आणि ते आणखी जोरात श्वास घेतात.

आणि एक हिशेब मी प्रत्येक पेशंटला कागदावर करून दाखवते, कारण तो कळला की "मोठा श्वास, खूप श्वास" हा हट्ट आपोआप सुटतो. प्रत्येक श्वासातली सुमारे १५० मिली हवा नाक, घसा आणि श्वासनळ्यांतच राहते, रक्तापर्यंत जात नाही. मिनिटाला २४ वेळा २५० मिली घेतली तर आत गेली ६ लिटर, पण कामाला आली २४ गुणिले १०० म्हणजे फक्त २.४ लिटर. तीच ६ लिटर हवा १२ वेळा ५०० मिली अशी घेतली तर कामाला येते ४.२ लिटर. कष्ट तेवढेच, मिळकत पावणेदोन पट. आजारपणानंतर बरीच माणसं वरच्या छातीने भराभर श्वास घेत राहतात, फुप्फुस बरं झालं तरी सवय सुटत नाही. सारखे उसासे, जांभया, "श्वास पुरा भरतच नाही" ही तक्रार, आणि ऑक्सिमीटरवर ९७. अशा माणसाला आणखी खोल श्वास घ्यायला लावणं चूक आहे. त्याला श्वास सावकाश सोडायला शिकवायचं.

म्हणून सरावाच्या पहिल्या पंधरवड्यात हे करा:

पोटाचा श्वास. डोक्या-पाठीखाली दोन उश्या, गुडघे वाकवलेले, एक हात बेंबीच्या वर, एक छातीवर. नाकाने श्वास आत, पोटावरचा हात आपोआप वर. पोट मुद्दाम फुगवायचं नाही. बरेच जण पोटाचे स्नायू ढकलतात आणि श्वास मात्र छातीतूनच घेतात. चार-पाच श्वास, मग मिनिटभर काहीच नाही. सगळं मिळून पाच मिनिटं, दिवसातून तीनदा.

ओठांचा चंबू करून श्वास सोडणं. नाकाने दोन अंक मोजत आत, चंबूतून चार अंक मोजत बाहेर. वीतभर अंतरावर निरांजन आहे असं समजा: ज्योत हलली पाहिजे, विझता कामा नये. गाल फुगले किंवा शेवटचा थेंब पिळल्यासारखी हवा काढली की छोट्या नळ्या मिटतात आणि खोकला येतो. हा सरावापुरता ठेवू नका, उठताना, वाकताना, चालताना वापरायचा.

कफासाठी "हा" काढणं. आधी अर्धा मिनिट शांत श्वास. मग तीन-चार सावकाश खोल श्वास. मग मध्यम श्वास घेऊन तोंड आणि घसा उघडा ठेवून "हाऽऽ", आरशावर वाफ धरावी तसा, एक-दोनदाच. कफ वर आला की एकदा खोकून काढायचा. परत शांत श्वास. सकाळी उठल्यावर कोमट पाणी पिऊन दहा मिनिटांनी ही आवर्तनं दोन-तीनदा. कपालभातीने कफ सुटेल ही अपेक्षा असते, पण लागोपाठच्या झटक्यांनी नळ्या चिडतात, उबळ येते आणि कफ जागच्या जागी राहतो.

झोपताना काही वेळ डाव्या कुशीवर. उजवं फुप्फुस वर राहतं, त्याला फुलायला जागा मिळते, आणि खाली असलेल्या चांगल्या डाव्या फुप्फुसाकडे रक्त जास्त जातं. ऑक्सिजनही बहुधा एखाद-दुसऱ्या अंकाने बरा दिसतो. दुपारी जेवणानंतर दोन तासांनी दहा मिनिटं पालथं पडणं, म्हणजे तुमचं मकरासन, हे पाठीकडच्या भागासाठी.

---

लोड_आणि_पट्टा

वरच्या प्रतिसादातल्या बहुतेक गोष्टींना पूर्ण सहमती. मी योगवर्गात आजारातून उठलेल्या लोकांना घेते, त्या बाजूने भर घालते. एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे, तो आधी.

पहिले आठ-दहा दिवस अंक मोजायला लावू नका. दोन आणि चार म्हटलं की वयस्कर माणूस चार पुरे करण्यासाठी घसा आवळतो, भुवया चढवतो. आधी नुसतं बघायला सांगा: श्वास सोडून झाला का? झाला की पुढचा येऊ द्या. सोडणं आपोआप लांबलं की मग मोजा. पहिल्यांदा ३ आत, ३ बाहेर. मग ३ आत, ४ बाहेर. आठवड्याभराने ४ आत, ६ बाहेर. दुप्पट सोडणं हे पुढचं ठिकाण आहे, पहिल्या दिवसाचा नियम नव्हे. खूण अशी: सोडल्यानंतरचा श्वास गपकन आत आला, तर सोडणं जास्त लांबवलं होतं. एक अंक कमी करा.

आता मांडणी. श्वासाचा सराव पडून सुरू करणं ही रीत योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीत फार काटेकोर आहे. ते १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि १९७५ पासून मॉडेल कॉलनीतल्या संस्थेत हे काम उभं राहिलं. लहानपणी त्यांना स्वतःला मलेरिया, विषमज्वर आणि क्षय झाला होता, हे लक्षात घेतलं की आधारांवर इतका भर का, ते समजतं. घरी लोड किंवा विशेष साहित्य लागत नाही. दोन सोलापुरी चादरी पुरतात. एक चादर लांबट घडी करा, रुंदी साधारण २० ते २५ सेंटिमीटर, जाडी ७-८ सेंटिमीटर. ती कण्याच्या लांबीत ठेवायची. खालचं टोक कमरेच्या खळगीच्या किंचित वर, नितंब जमिनीवर. दुसऱ्या चादरीची घडी डोक्याखाली, इतकी की कपाळ हनुवटीपेक्षा थोडं उंच राहील. हे चुकलं, हनुवटी आकाशाकडे गेली, की घसा ताणतो, कोरडा पडतो आणि खोकला सुरू. गुडघ्यांखाली टॉवेलची वळकटी. हात अंगापासून थोडे लांब, तळवे वर. यात छाती न ताणता उघडते आणि बरगड्यांना दोन्ही बाजूंना हलायला मोकळीक मिळते.

अशा स्थितीत दहा मिनिटं. उज्जायी म्हणून घशातून घोरल्यासारखा आवाज काढायची गरज नाही, आजारानंतर तर मुळीच नको. आवाज फक्त स्वतःला ऐकू यावा इतका. जबडा सैल, जीभ खाली, डोळ्यांवर हलकं कापड. उठताना उजव्या कुशीवर वळून, हाताने रेटा देऊन. बीपीची गोळी चालू असताना सरळ ताडकन उठलं तर चक्कर येते.

पडून दम लागत असेल तर खुर्ची टेबलाजवळ घ्या, टेबलावर दोन उश्या, त्यावर हात आणि कपाळ टेकवून पुढे झुकून बसा. आजारातून उठलेल्यांना ही स्थिती फार मानवते.

सरावाच्या दुसऱ्या आठवड्यापासून भ्रामरी. प्राणायामांत मी ही सगळ्यात आधी देते, कारण इथे सोडणं आपोआप लांबतं आणि जोर लावायला वाव नसतो. ओठ मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे, "म्म्म्" खालच्या पट्टीत. कानांत बोटं घालण्याची गरज नाही, खांदे वर उचलले जातात. पाच ते सात आवर्तनं, मध्ये साधा श्वास. आवाज शेवटी थरथरला म्हणजे उशीर झाला, त्याआधी थांबायचं. गुणगुणताना नाकातल्या पोकळ्यांमधून येणारा नायट्रिक ऑक्साइड शांत श्वासाच्या तुलनेत सुमारे पंधरा पट वाढतो, असं स्वीडनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये मोजून दाखवलं आहे. हा वायू रक्तवाहिन्या सैल करतो. पण यावरून "भ्रामरीने न्यूमोनिया बरा होतो" असं म्हणणं गैर आहे, कृपया तसे संदेश पुढे पाठवू नका.

अनुलोम-विलोम तिसऱ्या आठवड्यापासून, बसून, कुंभकाशिवाय (श्वास न रोखता), पाच मिनिटं. नाक चोंदलं असेल त्या दिवशी नाही. एका चिकटलेल्या नाकपुडीतून हवा ओढण्याच्या धडपडीत मान आणि खांदे कामाला लागतात, आणि नेमके तेच स्नायू आपल्याला विसावायचे आहेत. बोटाने नाक दाबून टाकू नका, हलका स्पर्श पुरे.

नको असलेले: भस्त्रिका, कपालभाती, लांब कुंभक, तिन्ही बंध (गळा, पोट आणि ओटीपोटाचा तळ आवळून धरणं). शीतली-सीत्कारीही नको, कारण तोंडातून आलेली गार, कोरडी हवा खोकला उठवते. "कफ आहे म्हणून कपालभाती" या समजाला आधार आहे हे मान्य. मेद आणि कफ जास्त असलेल्यांनी आधी षट्कर्मं (सहा शुद्धिक्रिया) करावीत असं हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ सांगतो, आणि कपालभाती हे त्या षट्कर्मांपैकी एक. पण ती सूचना प्राणायामाच्या तयारीत असलेल्या साधकाला आहे, न्यूमोनियातून उठलेल्या ६४ वर्षांच्या बाईंना नव्हे. त्याच अध्यायात असंही म्हटलं आहे की चुकीच्या अभ्यासाने उचकी, श्वास (म्हणजे दमा) आणि खोकला उद्भवतात. हा श्लोक कुणी व्हिडिओत वाचून दाखवत नाही.

---

श्वास_फिजिओ

अंकांबद्दलचा मुद्दा पटला. घसा आवळला जात असेल तर आधी मोजणं सोडा.

एक खुलासा मात्र हवा, नाहीतर गोंधळ होईल: मी यंत्रावर "दोन-तीन सेकंद थांबा" म्हटलं, तुम्ही "कुंभक नको" म्हणता. दोन्ही बरोबर आहेत. माझ्या थांबण्यात घसा उघडा असतो, छाती भरलेली ठेवायची, पण झाकण लावायचं नाही, दाबायचं नाही. त्या दोन-तीन सेकंदांत हवा फुप्फुसातल्या उघड्या वायुकोशांतून शेजारच्या मिटलेल्या वायुकोशांत सरकते. घसा बंद करून, हनुवटी दाबून रोखलेला श्वास वेगळा: छातीतला दाब वाढतो, बीपी वर-खाली होतं. थांबलेलं असताना "आ" असा हलका श्वास कधीही सोडता आला पाहिजे, ही परीक्षा.

---

उरोरोग_ओपीडी

वरचं सगळं तेव्हाच करायचं जेव्हा धोक्याच्या खुणा नाहीत. म्हणून त्या स्पष्ट लिहितो.

बसलेल्या स्थितीत ऑक्सिजन ९२ किंवा खाली स्थिरावला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ९० च्या खाली, किंवा वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर, गुंगी, बरळणं: १०८ बोलवा, श्वासाचे प्रकार करत बसू नका. कफात रक्त, श्वास घेताना छातीत सुरीसारखी कळ, एकाच पायाच्या पोटरीला सूज आणि दुखणं (अंथरुणात पडून राहिलेल्यांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ शकते), ताप परत येणं, विश्रांतीत मिनिटाला २४ पेक्षा जास्त श्वास: यातलं काहीही असेल तर सराव थांबवून तपासणी.

ऑक्सिमीटर नीट वापरला जात नाही म्हणून निम्मी धावपळ होते. पाच मिनिटं शांत बसल्यावर, हात कोमट असताना, नखाला मेंदी किंवा नेलपॉलिश नसलेल्या बोटावर, आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर होईपर्यंत थांबून. दिवसातून दोन-तीनदा पुरे.

कोरड्या खोकल्याबद्दल एक गोष्ट बघून सांगा. बीपीच्या गोळीचं नाव "प्रिल" ने संपतं का? रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे. या गटातल्या गोळ्यांनी काही जणांना चिवट कोरडा खोकला होतो आणि मग प्राणायामाला किंवा फुप्फुसाला दोष दिला जातो. गोळी स्वतः बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा, पर्याय आहेत.

सावरायला लागणारा वेळ साधारण असा धरा: चारेक आठवड्यांत छातीतलं दुखणं आणि कफ बराच कमी, सहा आठवड्यांत खोकला आणि दम बराच कमी, तीन महिन्यांत बहुतेक त्रास गेलेला पण थकवा राहू शकतो, पूर्ववत व्हायला सहा महिने लागू शकतात. आई पन्नाशीच्या पुढच्या आहेत, म्हणून सहा आठवड्यांच्या सुमारास छातीचा एक्स-रे परत काढून सावली पूर्ण गेली का ते बघा. खोकला रेंगाळतोय आणि त्यासोबत संध्याकाळचा बारीक ताप, वजन घटणं किंवा रात्री घाम असेल तर थुंकीची क्षयासाठी तपासणी. महापालिकेच्या दवाखान्यात ती विनामूल्य होते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, आणि कारण ठाऊक नाही, अशा कुणालाही हेच लागू.

कपालभातीबद्दल अतिशयोक्ती नको, पण माहिती असावी: जोरकस सरावानंतर फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस आकसल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात २००४ मध्ये आली आहे, तीही तरुण, निरोगी बाईची. दुर्मीळ आहे. पण नुकत्याच सुजून बरं होत असलेल्या फुप्फुसावर हा प्रयोग करायला काहीच कारण नाही. तीन महिन्यांनंतर, एक्स-रे साफ असेल, बीपी आटोक्यात असेल तर विचार करता येईल. हर्निया किंवा पोटाची नवी शस्त्रक्रिया असलेल्यांनी तेव्हाही नाही.

ज्यांना दमा आहे ते हा धागा वाचत असतील तर: पंप आधी, प्राणायाम नंतर. सराव सुरू झाला म्हणून रोजचा पंप स्वतःहून बंद करू नये.

---

कर्वेनगरची_लेक

किती नेमकं लिहिलंत सगळ्यांनी! मनापासून आभार. गोळीचं नाव खरंच "प्रिल" ने संपतं, उद्याच विचारते. यंत्र आम्ही उलटंच वापरत होतो.

अजून काही प्रश्न. तिला ॲसिडिटी आहे, पालथं पडलं की घशाशी येतं. तिला सारसबागेत पहाटे जाऊन सराव करायचा आहे, नाहीतर गॅलरीत. सकाळी नाक चोंदतं, जलनेती (नाकातून मिठाचं पाणी वाहू देणं) चालेल का? आणि आमची सोसायटी जुनी, लिफ्ट नाही, घर तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरायला कधी सुरुवात करावी?

---

लोड_आणि_पट्टा

पालथं पडणं सोडा, काही अडत नाही. टेबलावर झुकून बसणं आणि डाव्या कुशीवर पडणं एवढं पुरेल. ॲसिडिटीमुळेही खोकला रेंगाळतो, तेव्हा रात्रीचं जेवण झोपण्याआधी दोन-तीन तास उरकावं आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवून तो १५ सेंटिमीटर उचलावा. नुसत्या उश्या वाढवल्या तर कंबर मुडपते आणि पोटावर उलट दाब येतो. डाव्या कुशीवर झोपण्याचा ॲसिडिटीलाही फायदाच आहे.

जलनेती. चोंदलेलं नाक थोडं तरी वाहतं असेल तर चालेल, पूर्ण बंद असेल, कान दुखत असेल किंवा नाकातून रक्त येत असेल तर नाही. अर्धा लिटर पाण्याला साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट चमचा, किंचित कमीच. पाणी साधं असेल किंवा मीठ जास्त झालं तर नाक झोंबतं, तिथेच ओळखा. पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळलेलं आणि मग कोमट केलेलं. नळाचं किंवा नुसतं फिल्टरचं पाणी नाकात कधीही नाही. पाण्यातला एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जाऊ शकतो. फार क्वचित होतं, पण झालं तर बहुतेकदा जिवावर बेततं. मान बाजूला कलती, तोंडाने श्वास, नेतीच्या भांड्याची चोच वरच्या नाकपुडीला. झाल्यावर पुढे वाकून, एकही नाकपुडी न दाबता हळूच हवा सोडायची. नाक दाबून जोरात शिंकरलं की पाणी कानाकडे जातं, आणि "नेतीने कान दुखायला लागला" ही तक्रार तिथूनच येते. भांडं धुऊन कोरडं करून ठेवा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे, आणि सरावाच्या अर्धा तास आधी. जमत नसेल तर मेडिकलमधला सलाइनचा फवारा तेच काम करतो.

---

पाषाणकर

जागेबद्दल मी लिहितो, कारण याकडे फार दुर्लक्ष होतं.

गॅलरीत पारवे बसतात का? बसत असतील, विष्ठा आणि पिसं पडलेली असतील, तर तिथे आईंना बसवू नका. पारव्यांच्या विष्ठेची आणि पिसांची धूळ श्वासातून जाऊन काही लोकांच्या फुप्फुसाला ॲलर्जीची सूज येते. ती वर्षानुवर्षं राहिली तर फुप्फुस कायमचं राठ होतं. गॅलरी साफ करायची तर कोरडा झाडू नको, पाणी मारून ओलं करायचं, मास्क लावून, आणि हे काम आईंनी नाही. नंतर जाळी. सोसायटीत कुणी दाणे टाकत असेल तर प्रेमाने पण ठामपणे बोला.

पहाटेची सारसबाग: नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाळा. थंडीत जमिनीलगत गार हवेचा थर बसतो, त्यावर ऊबदार थर, आणि रात्रभरचा धूर, शेकोट्या, कचरा जाळल्याचा वास सगळं खालीच कोंडून राहतं. दिसायला ते छान धुकं असतं. ऊन चढलं की थर मोडतो. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने उभारलेल्या 'सफर' यंत्रणेवर पुण्याच्या हवेचे आकडे रोज मिळतात, ते बघून ठरवा. वाईट दिवशी रस्त्यापासून लांबच्या खोलीत सराव करा, उदबत्ती आणि धूप न लावता. देवघरातच बसायचं असेल तर पूजा उरकल्यावर तासाभराने.

पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर गाजरगवत फुलतं. ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांनी टेकडीवर बसून दीर्घश्वसन करण्याचा मोह टाळावा.

---

श्वास_फिजिओ

जिन्याचं सांगते. आधी घरातल्या घरात सपाट चालणं: पाच मिनिटं, दिवसातून चारदा, दर दोन-तीन दिवसांनी एक-दोन मिनिटं वाढवत. दम शून्य ते दहामध्ये मोजायला शिकवा. तीन-चारपर्यंत चालेल, म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही. सलग पंधरा मिनिटं असं चालून ऑक्सिजन ९२ च्या वर राहिला आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की जिना.

पहिल्या दिवशी सहा-सात पायऱ्या उतरून परत चढायच्या, तिन्ही मजले नव्हे. उतरणं सोपं वाटतं आणि खाली पोचल्यावर वर यायची ताकद उरत नाही, म्हणून "जितकं चढता येईल तितकंच उतरायचं". चढताना श्वास घ्यायचा तो उभं राहून, आणि सोडता सोडता एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या, ओठांचा चंबू करून. बहुतेक जण श्वास रोखून पाच-सहा पायऱ्या एका दमात चढतात आणि मग कठड्याला धरून धापा टाकतात. प्रत्येक वळणावर प्लास्टिकचा स्टूल ठेवायची शेजाऱ्यांना विनंती करा, महिन्याभराचाच प्रश्न आहे.

घरातल्या दमवणाऱ्या जागाही बघा. हात खांद्याच्या वर गेले की दम जास्त लागतो, कारण श्वासाला मदत करणारे मानेचे-खांद्याचे स्नायू हात धरण्यात गुंततात. केस विंचरणं, दोरीवर कपडे वाळत घालणं, वरच्या फळीवरचा डबा काढणं. विंचरताना कोपर टेबलावर टेकवायचे, कपडे स्टँडवर. अंघोळ स्टुलावर बसून, बादली उचलायची नाही, पाणी फार कढत नको, दार किंचित उघडं. बाथरूमहून आल्यावरचा ९२ यातल्याच एखाद्या गोष्टीमुळे असू शकतो. एक दिवस नुसतं तेवढं अंतर चालवून मोजा, एक दिवस अंघोळीनंतर मोजा, आणि दोन्ही आकडे डॉक्टरांकडे न्या.

---

उरोरोग_ओपीडी

हो, वेगवेगळे मोजलेले आकडे आणा, फार उपयोग होतो. आणि सहा आठवड्यांच्या एक्स-रेला जाताना रुग्णालयातली जुनी फिल्म सोबत हवी, नुसता छापील रिपोर्ट नको. दोन्ही फिल्म शेजारी लावल्याशिवाय उजवीकडची सावली किती विरली ते सांगता येत नाही. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकसची लस, या दोन्हींबद्दल त्याच भेटीत विचारा.